नावातली दोन प्रश्नचिन्हं

नारीनमध्ये जानेवारीत उणे अठ्ठावीस.
नदी वरून गप्प, आतून चालूच.
इस्पितळाच्या तळघरात, बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून
मी सर्व्हर कंपाईल करते आहे,
एक्स-रे साठवणारा, मागेल त्याला दाखवणारा.
फुकटचा आहे,
म्हणजे कुणीतरी कुठेतरी झोप मोडून लिहिलेला.

पहिल्यांदा विंडोजवर.
यंत्राशेजारचा तो म्हातारा संगणक,
अपडेट म्हटलं की ज्याला कापरं भरतं.
चार तास पंखा कण्हत राहिला
आणि त्र्याहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
असनकुल म्हणाला,
"आम्ही फिल्म धुवायचो तेव्हा
कामाला अंधार लागायचा.
तुमचं काम अंधारात बंद पडतं."
आणि उठून कोळसा टाकायला गेला.

मग लिनक्सवर.
बिश्केकहून व्हॅनच्या टपावर बांधून आलेला डबा,
डोलोन घाटात एक कोपरा चेपलेला.
हा फार काटेकोर.
पहिलं अक्षर मोठं की लहान, एवढ्यावरून
रुसलेल्या व्याह्यासारखा अडून बसतो.
विंडोजने ज्याकडे काणाडोळा केला
ते याला चालेना.
माझी एक अख्खी रात्र
एका फाईलच्या एका अक्षरावर गेली.

डॉक्टर सैरांचा मॅक तर मला ओळखच देईना.
बांधलंस ते ठीक, म्हणाला, पण सही कुणाची?

कोड तोच, ओळ न् ओळ तीच.
जशी एकच पाककृती:
एकाकडे चूल, एकाकडे शेगडी,
आणि तिसऱ्याला घरमालकाला विचारावं लागतं.

गुरुवारी पहाटे पहिला फोटो उतरला.
छाती. बरगड्या लख्ख.
उजवीकडे खाली, भाकरीवर पीठ राहावं तसा
एक पांढुरका डाग.
आणि वरच्या कोपऱ्यात नाव:

क?म?श

रशियन अक्षरं सुखरूप पोचली होती.
आमची म्हणून जी तीन वेगळी अक्षरं आहेत,
त्यांतलं एक दोनदा आलं होतं
आणि दोन्हीदा वाटेतच उतरून गेलं.

"जाऊ दे," डॉक्टर म्हणाल्या, "बाई समोरच बसलीय."
समोरच बसली होती, वय सत्त्याहत्तर,
कोटावर कोट, मांडीवर हातमोजे.
पण हा फोटो बिश्केकला जाणार,
तिथल्या माणसाच्या समोर ती नसणार.
तिने मान वाकडी करून पडदा पाहिला.
"माझ्या नावाला भोकं कशी पडली गं?"

असनकुल दारात उभा होता, काळे हात पुसत.
"क्युम्युश," तो म्हणाला. "म्हणजे रुपं.
आमच्या फिल्ममध्ये असायचं ते.
धुतलेलं पाणी फेकायचं नाही, असा नियम होता.
तळाशी गाळ बसायचा, करडा,
तो बरणीत भरून वर्षाअखेरी बिश्केकला जायचा.
एकदा बरणी माझ्याच हातून फुटली.
गुडघ्यांवर बसून फरशी पुसली,
फडकं पिळून घेतलं,
ते फडकंसुद्धा पाठवलं."
एवढंच बोलला. मोठे झालो की
माणसं असं अर्धंच बोलतात बहुतेक.

मी सेटिंग्ज उघडली.
अक्षरांची लायब्ररी. तिच्यापुढे लिहिलेलं: नाही.
कुणी लिहिलं? मीच, पहिल्या रात्री,
लवकर संपावं म्हणून.
नाही खोडलं. हो लिहिलं.
आणि तिन्ही यंत्रांवर पुन्हा पहिल्यापासून.

सकाळची शिफ्ट आली, बूट आपटत.
क्युम्युशआजी गेली नाही.
"बस येईपर्यंत इथेच ऊब आहे," म्हणाली.
मी तिला चहा दिला.
पडद्यावर ओळी चढत होत्या, एकसष्ट, चौसष्ट,
बॉयलर धडधडत होता,
त्र्याहत्तरवर कुणी काही बोललं नाही.
चौऱ्याहत्तर.

"काय शिजतंय त्यात?" तिने विचारलं.
"तुमचं नाव."
तिने चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"त्यात तरी मीठ घातलंस का?"